नागोयातला तरुण मॉर्मन मिशनरी: रोजचा दिवस नेमका कसा असतो?

निशिगंध

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. मुख्य पात्र आयडाहोचा १९ वर्षांचा मुलगा. मॉर्मन चर्चने त्याला दोन वर्षांसाठी नागोयाला पाठवलं आहे. त्याच गल्लीत वाहन उद्योगात नोकरी करणारं एक मराठी जोडपं राहतं आणि हळूहळू त्यांची ओळख होते, एवढाच सांगाडा हाताशी आहे.

माझी अडचण अशी की मिशनरी म्हटलं की डोळ्यांसमोर अहमदनगरच्या शाळा आणि मिरजेचं इस्पितळ येतं. पांढरा शर्ट, टाय, काळा बिल्ला आणि सायकल यापलीकडे या मुलांबद्दल काही ठाऊक नाही. सकाळी किती वाजता उठतात? जेवण कोण करतं? पैसे कुठून येतात? दिवसभर नुसती दारं वाजवतात का? घरच्यांशी बोलता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय काय बिघडतं? कथेला तेच लागतं. मतांतराच्या बाजूने-विरोधाने चर्चा नको, कृपया रोजच्या जगण्याचे तपशील द्या.

पिंपळपान

निशिगंधाताई, नगर-मिरजेचं चित्र आधी बाजूला ठेवा. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन काय किंवा १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ सुरू करणारे डॉ. वॉनलेस काय, ती माणसं शिकून-सवरून आली आणि वर्षानुवर्षं इथेच मुरली. तुमचा मुलगा पाद्री नाही, त्याने धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही, त्याला पगार नाही. शाळा संपवून आलेला पोरगा आहे. मुलांसाठी किमान वय २०१२ मध्ये १९ वरून १८ वर आणलं गेलं. मुलांची सेवा २४ महिन्यांची, मुलींची १८ महिन्यांची.

नावाचंही सांगते. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडून पूर्ण नाव वापरायला सांगितलं. त्यामुळे बिल्ल्यावर ‘मॉर्मन’ शब्द कुठेही नसतो. जपानात त्यावर जपानी लिपीत चर्चचं पूर्ण नाव, ‘मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ’, आणि मुलाचं आडनाव असतं. पहिलं नाव दोन वर्षं घरच्यांखेरीज कोणी घेत नाही. इंग्रजीत ‘एल्डर’ अधिक आडनाव, जपानीत आडनावापुढे ‘चोरो’, म्हणजे ज्येष्ठ. हा शब्द मराठी वाचकाला भलतंच काही ऐकवेल, तेव्हा पहिल्याच वापरात अर्थ उलगडून टाका. मुलींना ‘शिमाइ’, बहीण.

कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. तो अर्ज करतो, डॉक्टर आणि दातांच्या डॉक्टरची तपासणी करून घेतो, त्याच्या वॉर्डचा (म्हणजे स्थानिक मंडळीचा) बिशप आणि वरचा स्टेक (अनेक वॉर्डांचा गट) अध्यक्ष मुलाखत घेतात आणि सॉल्ट लेक सिटीहून नेमणूक येते. २०१८ पर्यंत ती टपालाने जाडजूड पांढऱ्या पाकिटात यायची, आता ईमेलने येते. तुमची कथा कोणत्या वर्षी घडते त्यावर तो प्रसंग ठरेल. जपानी भाषेसाठी प्रशिक्षण सुमारे ९ आठवड्यांचं. अमेरिकन मुलं त्यासाठी बहुतेक युटातल्या प्रोव्होला जातात. नऊ आठवड्यांत मुलगा प्रार्थना म्हणू शकतो, ठरलेला धडा सांगू शकतो. पण समोरच्याने उलट प्रश्न विचारला की गाडी अडते, कारण त्याने पाठ केलेली भाषा नम्र आणि पुस्तकी आणि बाजारात बोलतात ती वेगळी.

आता दिवस. ६:३० ला उठणं, रात्री १०:३० ला दिवे बंद. मिशन अध्यक्षाला, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखाला, स्थानिक सवयींप्रमाणे थोडं पुढेमागे करता येतं. उठल्यावर प्रार्थना, मग अर्धा तास व्यायाम. जपानी घरात भिंती आणि जमीन पातळ असते, सकाळी सातच्या आत दोरीवरच्या उड्या मारल्या की खालच्या मजल्यावरून घरमालकाकडे तक्रार जाते. म्हणून दोघं बाहेर पळायला जातात किंवा चटईवर जोर काढतात. त्यानंतर आंघोळ, इस्त्री, न्याहारी. आठच्या सुमारास अभ्यास: एक तास स्वतःचा, मग जोडीने, मग भाषेचा, आणि दिवसाची आखणी. नव्या मुलाला पहिले १२ आठवडे अनुभवी साथीदाराच्या हाताखाली काढावे लागतात आणि तेवढ्या काळात रोजचा अभ्यासही जास्त असतो. पूर्वी आखणी रात्री व्हायची. २०१७ मध्ये वेळापत्रक सैल करून ती सकाळी आणली.

१० वाजता बाहेर. आणि इथेच जपानातली पहिली पंचाईत उभी राहते. कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ४ वस्ती रिकामी असते. घरी असतात म्हातारी माणसं आणि लहान मुलांच्या आया. त्यामुळे दुपारी पत्रकं टाकणं, चर्चला यायचे थांबलेल्या सदस्यांची विचारपूस, कुणाच्या अंगणातलं गवत काढणं, फोनवरून संदेश अशी कामं उरकतात. खरं काम संध्याकाळी ५ ते ८:३०. नेमकी तीच वेळ थकल्या माणसांच्या घरी परतण्याची. रात्री ९ ला घरात, कुठे धडा चालू असेल तर ९:३०.

पण माझ्या मते कथेचा गाभा वेळापत्रकात नाही, जोडीत आहे. हे दोघं एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहतात. चोवीस तास. न्हाणीघर आणि मिशन अध्यक्षाशी होणारी मुलाखत एवढाच अपवाद. झोपायची खोलीसुद्धा एकच, गाद्या वेगळ्या. साथीदार स्वतः निवडता येत नाही आणि भांडण झालं म्हणून दार आपटून बाहेरही पडता येत नाही. याला आजार झाला की तोही घरी. याला केस कापायचे की तोही खुर्चीत बसून वाट बघणार. आठवड्याच्या आखणीच्या शेवटी दोघांनी समोरासमोर बसून जोडीचा हिशेब करायचा असतो: काय जमलं, काय खटकलं, तुझ्यासाठी मी काय बदलू. हा अर्धा तास नीट लिहा. १९ वर्षांच्या मुलाला “तू रात्री दात घासताना गुणगुणतोस, त्याचा त्रास होतो” हे परक्या माणसाला शांतपणे सांगावं लागतं आणि नंतर त्याच्याचबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करावी लागते. साथीदार जपानीही असू शकतो. मग न्याहारीपासून सगळाच व्यवहार दोन भाषांच्या मधल्या पट्ट्यात चालतो.

सायकलवाला

वरच्या प्रतिसादाला जोडून सायकल आणि कागदपत्रं, कारण नागोयासारख्या सपाट शहरात मिशनऱ्याचा दिवस बिघडतो तो बहुधा या दोन गोष्टींनी.

जपानी साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या साध्या सायकलीसारखाच असतो. आत धातूची छोटी कांडी आणि तिच्यावर चढवलेली इंचभर लांबीची बारीक रबरी नळी. चाकाची हवा सारखी जात असेल तर दहांतल्या सात-आठ वेळा पंक्चर नसतं, ही नळी उन्हाने चिरलेली असते. दुरुस्ती पाच मिनिटांची: टोपण काढा, नट सैल करा, कांडी ओढून काढा, जुनं रबर नखाने खरवडून टाका, नवी नळी पाण्याने ओली करून कांडीच्या खांद्यापर्यंत चढवा, परत बसवून नट हाताने आवळा. रबर कोरडं चढवलं तर मधेच दुमडतं आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसलेलं. नळ्यांची पुडी १०० येनच्या दुकानात मिळते. मात्र मुलाने गिअरची जाड टायरची सायकल घेतली असेल तर तिचा व्हॉल्व्ह वेगळा आणि पंपाचं तोंडही वेगळं. जोडीतल्या एकाची साधी, दुसऱ्याची गिअरची असली की एका पंपावर भागत नाही.

कपडे: उजव्या पायाची पँट साखळीत जाते, म्हणून पट्टी बांधतात किंवा मोज्यात खोचतात. पँट आधी बसायच्या जागी झिजते, कोट खांद्यावर, पाठपिशवीच्या पट्ट्याखाली. म्हणून एका कोटावर दोन पँटी घेतात. पावसात छत्री धरून सायकल चालवणं कायद्याने मना आहे, त्यामुळे वर-खाली दोन तुकड्यांचा रेनकोट. आतून घामाने भिजतं ते भिजतंच. चामडी बूट जूनच्या पावसाळ्यात वाळत नाहीत. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे आणि झोपताना व सकाळी बदलायचे, नाहीतर दोन दिवसांत बुरशी.

नियम: सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूने. फोन हातात धरून चालवणं २०२४ च्या नोव्हेंबरपासून फार कडक झालं आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाख येनपर्यंत दंड. हेल्मेट २०२३ च्या एप्रिलपासून सगळ्यांनीच घालावं असा कायदा आहे, न घालणाऱ्याला दंड नाही, पण मिशनऱ्यांना ते सक्तीचंच समजा. प्रत्येक सायकलीची चोरीविरोधी नोंदणी असते आणि तिचं स्टिकर सांगाड्यावर असतं. मिशनऱ्यांच्या सायकली एकाकडून दुसऱ्याकडे जातात, नोंदणी मात्र पहिल्याच्या नावावर राहून जाते. रात्री पोलिसाने थांबवून नंबर तपासला आणि नाव जुळलं नाही की अर्धा तास गेला. जुन्या मालकाने सही केलेला हस्तांतराचा कागद घेऊन नोंदणी बदलून घेणं हाच उपाय. स्टेशनजवळ जिथे मनाई आहे तिथे सायकल लावली तर आधी इशाऱ्याची चिठ्ठी आणि मग ट्रक येऊन उचलून नेतो. सोडवायला काही हजार येन, चावी आणि ओळखपत्र.

ओळखपत्र म्हणजे निवासी कार्ड. १६ वर्षांवरच्या परदेशी माणसाने ते कायम जवळ ठेवायचं असतं. यांच्या कार्डावर निवासाचा प्रकार ‘धार्मिक कार्ये’. पत्ता बदलला की १४ दिवसांत नोंद करावी लागते: आधी जुन्या शहराच्या कचेरीतून बाहेर पडत असल्याचा दाखला, मग नव्या कचेरीत तो दाखवून कार्डाच्या मागे नवा पत्ता छापून घ्यायचा. दर ६ आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. प्रत्येक वेळी प्रत्येकाची होत नाही, पण २४ महिन्यांत अशा १७ फेऱ्या येतात. नागोयाहून गिफू या दुसऱ्या शहरात जायचं फर्मान दोन-तीन दिवस आधी आलं तर त्या गडबडीत दाखला राहतो, आणि तो आणायला पुन्हा दोघांचा दिवस मोडतो. एकट्याने जाता येत नाही ना.

रानजाई

घरातलं राहिलं, ते मी लिहिते. नागोयातच राहते.

भाडं मिशनकडून थेट जातं. जेवण, प्रवास, केस कापणं यांसाठी दर महिन्याला कार्डावर ठरावीक रक्कम येते. यासाठी अमेरिकन मुलगा किंवा त्याचं घर दरमहा ५०० डॉलर आपल्या वॉर्डच्या निधीत भरतं. २०२० च्या जुलैआधी ते ४०० होते. नेमणूक महागड्या जपानात असो की स्वस्त देशात, आकडा एकच. २४ महिन्यांचे १२,००० डॉलर. बरीच मुलं शाळेत असल्यापासून सुट्टीत कामं करून हे साठवतात. तुमच्या आयडाहोच्या मुलाने बटाट्याच्या शेतात काम केलं असेल तर ते अगदी खपून जाईल.

स्वयंपाक स्वतःचा. भाताच्या कुकरला रात्री टायमर लावतात. कुकरबरोबर मिळणारं माप १८० मिलीचं, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ. दोन वाढत्या अंगाची, सायकल हाणणारी मुलं रोज ३ मापं सहज संपवतात, म्हणजे ५ किलोची पिशवी अकराव्या दिवशी रिकामी. २०२५ मध्ये जपानात तांदूळ वर्षभरात जवळजवळ दुप्पट महागला आणि ५ किलोला ४,००० येनच्या वर गेला. कथा त्या वर्षाची असेल तर मुलं पावाकडे आणि नूडल्सकडे वळलेली दाखवा. रात्री साडेआठला परतताना सुपरमार्केटमध्ये तयार पदार्थांवर अर्ध्या किमतीचं स्टिकर लागलेलं असतं. बाकी अंडी, मोड आलेली कडधान्यं, टोफू आणि वडीचा जपानी रस्सा. रश्शाचं पातेलं उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवलं की सकाळपर्यंत आंबतं आणि दोघांचंही पोट एकदमच बिघडतं. जोडीचा तो एक तोटा.

सकाळची गादी गुंडाळून कपाटात ठेवावीच लागते. तातामीवर, म्हणजे जपानी घरातल्या गवती चटयांच्या जमिनीवर, तशीच पडू दिली तर अंगाच्या घामाची वाफ खाली अडकते आणि पावसाळ्यात आठवड्याभरात हिरवट-काळे ठिपके उमटतात. ते ओल्या फडक्याने पुसू नयेत, डाग आत जातो. आधी कोरडं करायचं, मग अल्कोहोलचा फवारा आणि ब्रशने विणीच्या रेघेच्या दिशेने घासायचं. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरचा पिवळेपणा ही दुसरी लढाई. इथल्या मशीनमध्ये बहुधा थंडच पाणी येतं, त्यामुळे कॉलरला आणि काखेला साबणाची वडी रगडून अर्धा तास ठेवल्याशिवाय डाग निघत नाही.

कचरा तर रोजचा पेपर आहे. जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे, प्रत्येकाचा वार ठरलेला आणि पिशवीही शहराने ठरवून दिलेली. सकाळी ८ च्या आत टाकायचा, आदल्या रात्री ठेवला तर कावळे फोडतात. चुकीच्या वारी टाकलेली पिशवी कारणाचं स्टिकर लावून तिथेच सोडून देतात, आणि गल्लीत परदेशी माणसांचं एकच घर असेल तर ती कोणाची हे सगळ्यांना कळतं. गल्लीत मान मिळवायचा असेल तर या मुलांना बाटलीचं झाकण आणि वरचं वेष्टन काढायला आधी शिकावं लागतं.

सोमवार बहुतेक ठिकाणी तयारीचा दिवस. कपडे धुणं, किराणा, केस, घराची साफसफाई, बाहेर पडलीच तर किल्ला नाहीतर बास्केटबॉल. संध्याकाळी ६ ला पुन्हा काम सुरू. घरच्यांशी याच दिवशी बोलता येतं. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत आईवडिलांना वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, नाताळ आणि मातृदिनाला, बाकी ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. आयडाहोचा बहुतेक भाग आणि जपान यांच्यात उन्हाळ्यात १५ तास, हिवाळ्यात १६ तासांचा फरक आहे. सोमवारी सकाळी ९ ला नागोयाहून फोन लावला तर तिकडे रविवारची संध्याकाळ, सगळं घर जेवणाच्या टेबलाजवळ. हे तुम्हाला प्रसंग म्हणून उपयोगी पडेल.

शब्दवेडा

दारातल्या संवादांबद्दल. जपानी नकार इतका मऊ असतो की नव्या मुलाला तो होकार वाटतो. ‘केक्को देसु’ म्हणजे ‘उत्तम आहे’ आणि तेच ‘नको’सुद्धा. इंटरकॉमवर ऐकू आलं तर नेहमी ‘नको’. ‘मा नि आत्ते इमासु’, म्हणजे आमच्याकडे आहे पुरेसं, हे खरं तर विक्रेत्याला द्यायचं उत्तर, ते यांनाही मिळतं. ओरडणारं क्वचितच भेटतं. नव्या इमारतींना खालीच कुलूपबंद काचेचं दार असतं, त्यामुळे वरच्या मजल्यांपर्यंत पोचताच येत नाही. म्हणून ओळखी जास्त होतात त्या चर्चच्या इमारतीत आठवड्यातून एकदा चालणाऱ्या मोफत इंग्रजी संभाषणाच्या वर्गातून.

अविश्वासाचं मूळही कथेत असू द्या. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम् शिनरिक्यो पंथाने सारिन वायू सोडला. २०२२ च्या जुलैत शिंझो आबे यांची हत्या झाली आणि त्यातून ‘युनिफिकेशन चर्च’ या पंथाने अनुयायांकडून घेतलेल्या देणग्यांचं प्रकरण देशभर पेटलं. २०२५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. या दोन्हींशी या मुलांचा काडीचा संबंध नाही, पण दारामागची बाई ‘धर्म’ हा शब्द ऐकते तेव्हा तिला तेच आठवतं. याउलट साठीच्या पुढची माणसं कधी हसून केंट गिल्बर्ट किंवा केंट डेरिकॉट यांचं नाव घेतात. १९८० च्या दशकात जपानी दूरचित्रवाणीवर गाजलेले हे दोघेही पहिल्यांदा जपानात आले ते मिशनरी म्हणूनच.

आणखी एक दुवा देतो. या चर्चचे पहिले चार मिशनरी १२ ऑगस्ट १९०१ ला योकोहामाला उतरले. त्यातला आल्मा टेलर तुमच्या पात्राच्याच वयाचा, १९ वर्षांचा होता. तो १९१० पर्यंत राहिला आणि त्याने केलेला ‘मॉर्मनचं पुस्तक’ या चर्चच्या धर्मग्रंथाचा जपानी अनुवाद १९०९ मध्ये छापून आला. १९२४ मध्ये हे मिशन बंद पडलं, १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. तुमचा मुलगा जो ग्रंथ पिशवीत घेऊन फिरतो त्याची जपानी वाट एका समवयस्काने घालून दिलेली आहे, हे त्याला प्रशिक्षणात नक्की सांगितलेलं असणार.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हॉल्व्हची नळी आणि जोडीचा हिशेब, दोन्ही कथेत येणार हे ठरलं! एक प्रसंग तपासून हवा आहे. दुपारची वेळ, मराठी गृहिणी घरी एकटी. ही दोघं पावसात भिजलेली दिसतात. ती त्यांना घरात बोलावते, चहा टाकते, तान्ह्या मुलीला एकाच्या हातात देऊन आलं किसायला आत जाते. चालेल का?

पिंपळपान

ताई, हा प्रसंग असाच्या असा चालणार नाही. तीन ठिकाणी नियम आडवा येतो.

एक, बाई घरी एकटी असेल तर मुलांची जोडी आत जात नाही. सोबत आणखी एक प्रौढ माणूस लागतो, बहुधा वॉर्डातला कुणी सदस्य. ते दारातच, छपराखाली उभे राहतील, बूट न काढता, आणि “नवरा घरी असताना येऊ का?” असं विचारतील. आपल्याकडे दारातून माणूस परत पाठवणं जड जातं, त्यामुळे तुमच्या गृहिणीला हा अपमान वाटू शकतो. त्यांच्या दृष्टीने ती तिची आणि स्वतःची काळजी आहे. हा गैरसमज दोन्ही बाजूंनी खरा आहे, तो ठेवाच.

दोन, चहा नाही. आणि इथे मऊपणे टाळणं चालत नाही, अजिबातच नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही वर्ज्य. हिरवा चहाही त्यातच येतो हे २०१९ मध्ये चर्चच्या युवकांच्या मासिकात स्पष्ट छापलं होतं, त्यामुळे जपानात दर घरी मिळणारा पेलाही नाकारावा लागतो. चालतं ते ‘मुगिच्या’, म्हणजे भाजलेल्या जवाचं पाणी, कारण त्यात चहाची पत्ती नसते. तुमच्या गृहिणीकडे गवती चहा आणि आलं असेल तर पत्तीशिवाय उकळून द्यायला हरकत नाही. कोकम सरबत, ताक, मसाला दूध सगळं चालेल. मांसाहाराला बंदी नाही. पण महिन्याचा पहिला रविवार बहुधा उपासाचा असतो, सलग दोन जेवणं अन्न-पाण्याशिवाय. त्या दिवशी पुरणपोळी पुढे ठेवलीत तर मुलगा नम्रपणे नाही म्हणेल. घरातली म्हातारी सासू असेल तर तिला मात्र उपास म्हटल्यावर लगेच समजेल, ती अधिक खोलात विचारणार नाही.

तीन, मूल हातात देणं. मिशनऱ्यांना लहान मुलांना उचलून घ्यायची, सांभाळायची, त्यांच्याबरोबर एकटं राहायची मनाई आहे. मुलगी रांगत येऊन त्याच्या बुटाची नाडी ओढू लागली तर तो उकिडवा बसून बोलेल, हात मात्र स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवील. ज्याची पाच धाकटी भावंडं घरी आहेत अशा मुलाला हे फार जड जातं. प्रसंग यावर उभा करता येईल.

सायकलवाला

पावसाचा प्रसंग वाचवायचा असेल तर सोपं आहे. सायकलीची हवा जाऊ द्या, गृहिणीच्या इमारतीच्या जिन्याखाली दुरुस्ती चालू असू द्या. गृहिणीने टॉवेल आणि फ्लास्क खाली आणून दिला की दार, खोली, एकटेपणा सगळे नियम पाळले जातात. तिचं लहानपण सातारा-सांगलीकडचं असेल तर व्हॉल्व्हची नळी ती त्यांच्याआधी ओळखेल.

रानजाई

सायकलवाला, छान सुचवलंत. ताई, एक भर: फोटो काढला तर तो मुलगा आईला पाठवेल, पण सोमवारपर्यंत थांबून. फोन दोघांनाही दिलेले असतात, पण ठरावीक गोष्टींपुरते, आणि एकमेकांचा फोन बघण्याची मुभा असते. चित्रपट, दूरचित्रवाणी, पोहणं, मुलींबरोबर फिरणं काहीच नाही. त्यामुळे दुपारच्या वेळी बागेतल्या बाकावर बसून काही न करणारा मिशनरी दिसला तर तो कंटाळलेला नसतो, बहुधा साथीदाराला बरं नसतं किंवा ठरलेला धडा रद्द झालेला असतो. आजारी पडल्यावर पहिला फोन अनेक मिशनमध्ये अध्यक्षांच्या पत्नीला जातो, डॉक्टरकडे जायचं की नाही ते तिच्याशी बोलून ठरतं. घरच्या आठवणीने रात्री झोप न लागणं, भूक जाणं हे सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. तेव्हा भाषा कळत नसते आणि नवेपणाचा उत्साह ओसरलेला असतो.

निशिगंध

जिन्याखालचा प्रसंग घेतला. आता शेवटचं: तो परत जातो तेव्हा विमानतळावर काय होतं? निरोपाचं दृश्य तिथेच लिहायचं आहे.

शब्दवेडा

जाण्याआधी अध्यक्षांबरोबर शेवटची मुलाखत आणि एक रात्र त्यांच्याकडे मुक्काम, ही पद्धत बऱ्याच मिशनमध्ये आहे. नागोयाचा विमानतळ चुबू सेंट्रेअर, समुद्रात भराव घालून बांधलेला. कायमचा देश सोडणाऱ्याने निवासी कार्ड निर्गमनाच्या खिडकीवर परत द्यायचं असतं. अधिकारी त्याला भोक पाडून रद्द करतो, आठवण म्हणून मागितलं तर पंच केलेलं कार्ड परत मिळतं. त्याच्या मागे बदललेले सगळे पत्ते एकाखाली एक छापलेले असतात.

बिल्ला मात्र इथे काढायचा नाही. घरी पोचून स्टेक अध्यक्षाने त्याला सेवेतून मोकळं करेपर्यंत तो मिशनरीच असतो, विमानात आणि आईला मिठी मारतानासुद्धा. त्या भेटीनंतर घरच्यांसमोर बिल्ला उतरतो. तेव्हा सेंट्रेअरवर तुमच्या गृहिणीने त्याला पहिल्या नावाने हाक मारली, तर घरच्यांचे फोन सोडता ती त्याच्यासाठी दोन वर्षांतली पहिली असेल, आणि नियमाने अजून एक दिवस लवकर.